भावजींचा दुसरा बार

कतारमध्ये असताना मला पिस्तुलांचा नाद लागला होता असं सांगितलं की गावाकडची माणसं डोळे बारीक करून बघतात. त्यांना वाटतं, मी तिकडे काहीतरी दोन नंबरचं करत होतो. मी कारकुनी करत होतो. एका बांधकाम कंपनीच्या दोहातल्या ऑफिसात पर्चेस सेक्शनला बसायचो, सिमेंटपासून बिजागऱ्यांपर्यंत सगळ्याच्या ऑर्डरी टाइप करायचो आणि बिन महमूद भागातल्या एका फ्लॅटमध्ये आणखी तीन कारकुनांच्या घोरण्यात झोपायचो. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. करमणूक म्हणजे कॅसेट, पत्ते आणि एकमेकांची उणीदुणी. पत्त्यांचा मला कंटाळा होता आणि उणीदुणी काढायला माणसं पुरत नव्हती.

नाद लावला तो आमच्या वर्कशॉप मॅनेजरने. हा इंग्रज, पन्नाशी उलटलेला, मान कायम उन्हाने लाल. बायको विलायतेत आणि हा इथे. त्याला जुन्या पद्धतीची पिस्तुलं जमवायचा आणि उडवायचा शौक होता. जुन्या पद्धतीची, पण नवीन बनवलेली. इटलीत कुठेतरी अशी तयार होत. आपल्याकडे कोकणात ठासणीची बंदूक असते ना, तोंडातून काळी दारू ओतायची, वर गोळी, मग गजाने ठासायचं, मागे केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवायची आणि घोडा पाडायचा, तोच सगळा प्रकार, फक्त हातात मावेल एवढा. आमच्या अरबाबने, म्हणजे कंपनीच्या कतारी मालकाने, वजन वापरून त्याला परवानगी मिळवून दिली होती. उत्तरेला मदिनत अश शमालच्या रस्त्यावर आत वळून अरबाबची एक जुनी दगडाची खाण होती. हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी साहेब तिथे जाऊन रिकामे डबे मारायचा.

त्याच्या ऑर्डरी माझ्या टाइपरायटरवरून जात. सोबत कॅटलॉग यायचा. एकदा डबा खाताना मी तो चाळत बसलेला साहेबाने बघितला आणि विचारलं, यातलं तू कुठलं घेशील? मी उगाच शहाणपणा म्हणून सगळ्यात देखण्या, सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरवर बोट ठेवलं. तो हसला आणि म्हणाला, शुक्रवारी चल, मग पुन्हा सांग.

गेलो. तेव्हा कळलं की पिस्तूल निवडताना माणूस चुकतो तो डोळ्यांमुळे. त्या रिव्हॉल्व्हरच्या सहा घरांत प्रत्येकी दारू भरायची. दारू कमी भरली तर गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहते, ती ठेवायची नाही, म्हणून मध्ये चिमूटभर रवा. होय, शिऱ्याचा रवा. वरून गोळी आणि गोळीच्या तोंडावर लिंपायला डालडा, नाहीतर एका घराची आग शेजारच्या घरात जाते आणि सगळ्या एकदम हातात उडतात. दहा वाजले की उन्हाने डालडा वितळून मनगटावर ओघळायचा. भरायला अर्धा तास, उडवायला मिनिटभर, आणि मग दुपारभर कढत साबणाच्या पाण्याने धुवत बसायचं, कारण त्या दारूची काजळी समुद्राच्या हवेत एका रात्रीत लोखंड खाते. माझ्या फ्लॅटमधले लोक रव्याचा डबा माझ्यापासून लपवू लागले, ते काही उगाच नाही.

चकमकीचं पिस्तूल त्याहून वाईट. वाळवंटातला वारा कानावरची, म्हणजे बाहेरच्या वाटीतली, दारू उडवून नेतो, आणि चाप ओढला तरी बार निघायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात हात डगमगतो. शेवटी साहेबाने मला निवडायची रीत शिकवली. डोळे मिटायचे, हात उचलायचा, डोळे उघडायचे. नळी जिथे बघायची तिथे आपोआप बघत असली तर ते आपलं. अशा रीतीने मी एक एकबारी, केपेचं, आतून आटे पाडलेल्या नळीचं पिस्तूल निवडलं. कागदावर ते साहेबाचंच होतं, पण पुढच्या हिवाळ्यात ते माझ्याशिवाय कोणी हातात घेत नसे. आयुष्यात मी स्वतः निवडलेल्या वस्तू फार थोड्या आहेत. त्यातली ही एक, आणि तिचा मला अजून अभिमान आहे. ज्याला हे ऐकवत नसेल त्याने पुढचं वाचू नये.

आता भावजी. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघेही दक्षिण रत्नागिरीकडचे, त्यांचं गाव आमच्यापासून दोन डोंगर पलीकडे. आमच्याच कंपनीत वेल्डर होते. अल खोरजवळ काम चालू होतं तिथल्या कॅम्पवर राहायचे. उत्तम वेल्डर. त्यांनी मारलेला जोड बघायला लोक थांबायचे. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत नवरा-बायको एकत्र राहिले ते सुट्टीतले दिवस. बहीण सासरी, सासू आणि जावेबरोबर. तिथे तिचं कसं चाललं होतं ते मला तिच्या पत्रांपेक्षा आईच्या पत्रांतून जास्त कळायचं. चुलीला हात लावायचा तोही सासूला विचारून. माहेरी जायचं तर महिनाभर आधी विषय काढायचा. बहिणीचा स्वभाव माझ्यासारखाच, तोंडाने फटकळ, पण तिथे तिने तोंड शिवून घेतलं होतं.

त्या हिवाळ्यात तिच्या सुटकेची वाट दिसायला लागली. कंपनीला पाइपलाइनचं मोठं काम मिळालं होतं आणि त्यासाठी वेल्डरांची नवीन टेस्ट ठरली. पास होईल त्याला वरचा ग्रेड, आणि त्या ग्रेडला फॅमिली स्टेटस. म्हणजे बायकोला आणता येणार. टेस्ट घेणार होता वर्कशॉप मॅनेजर, आमचा पिस्तूलवाला साहेब. भावजी पास होणार यात मला शंका नव्हती, कोणालाच नव्हती. मी बिन महमूदमध्येच एका व्हिलाच्या मागच्या बाजूची एक खोली बघून ठेवली, आत स्वयंपाकाचा ओटा, वेगळं दार. बहिणीला कळवूनही टाकलं. सगळं भावजींच्या उजव्या हातावर होतं आणि तो हात कधी चुकत नव्हता.

भावजी खाणीवर येऊ लागले ते त्यामुळेच. साहेबाच्या डोळ्यांपुढे राहावं, ओळख व्हावी. मीच साहेबाला विचारलं आणि त्याने हो म्हटलं. पण पहिल्याच दिवशी साहेबाने पिस्तुलांची ट्रंक उघडली आणि भावजी टेस्ट-बिस्ट सगळं विसरले. त्यांच्या घरी ठासणीची बंदूक होती, शेताच्या राखणीच्या परवान्यावरची, आजोबांपासूनची. आमच्याकडे वडील शाळामास्तर, घरात छडीपलीकडे हत्यार नाही. त्यामुळे या बाबतीत भावजी मला कच्चं लिंबूच समजायचे.

“ही काय बंदूक? पाळण्यातला पोर पण धरीत,” माझं पिस्तूल हातात घेऊन ते म्हणाले, आणि खाली ठेवलं.

त्यांनी निवडलं ते ट्रंकेतलं सगळ्यात दांडगं धूड. जाड, गुळगुळीत नळीचं, आत आटे नाहीत, अंगठा आत जाईल एवढं तोंड. साहेब ते कधी वापरत नसे. नेम धड लागत नाही म्हणायचा. भावजींनी ते डोळे मिटून वगैरे उचललं नाही. नळीत फुंकर मारली, कानाशी नेऊन केपेच्या भोकातून हवा येते का ऐकलं, दस्ता काखेत दाबून बघितला आणि म्हणाले, ह्या चलात. का, तर ते त्यांच्या घरच्या बंदुकीसारखं होतं. आमच्या माणसांचं हेच. जगात कुठेही न्या, घरच्यासारखं काय आहे तेवढंच शोधणार.

साहेबाचे नियम कडक होते. दारू चामड्याच्या तोंडाच्या पितळी भांड्यात असे, पण त्या भांड्यातून सरळ नळीत कधी ओतायची नाही. आधी मोजून काचेच्या छोट्या कुप्यांत भरून ठेवायची, एका बाराला एक कुपी. गोळीभोवती चरबीत भिजवलेला सुती कापडाचा तुकडा. आणि दर बारानंतर ओला बोळा गजाला लावून नळी आतून पुसायची. हे सगळं त्याने भावजींना इंग्रजीत सांगितलं आणि मी आमच्या बोलीत.

“भावजीनू, भांड्यातना सरळ नळयेत ओतूचा नाय म्हणता तो. आधी कुपयेत, मगे नळयेत.”

“म्हायत आसा माका,” भावजी म्हणाले. “बापाशीवांगडा डुकरां मारलंय मी. तुमच्या साहेबान डबे मारल्यान.”

त्यांच्याकडे दारू शिंगातून सरळ नळीत ओतत. माप बोटांचं. भरून ठासल्यावर गज नळीबाहेर किती बोटं उरतो त्यावरून बार ओळखायचा. चार बोटं भेकराला, पाच डुकराला. एकदा बार काढला की काढला. लागला तर डुक्कर खाली, नाही तर ते रान सोडून गेलं, तुम्ही विडी ओढत घरी या. दुसरा बार लगेच भरायची वेळ त्यांच्यावर, त्यांच्या वडिलांवर, आजोबांवर कधी आलीच नव्हती. हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचायचं कारणही नव्हतं, मी डुकराची शिकार बघितलेलीसुद्धा नव्हती.

शुक्रवारमागून शुक्रवार भावजींचे बार फुकट जात होते. त्या रुंद नळीत साहेबाचं पातळ कापड सैल पडायचं, गोळी आत खुळखुळायची आणि कुठेही जायची. साहेब काही बोलायचा नाही, पण मान हलवायचा. मी बोलायचो. भावजींची मस्करी करायला मिळणं ही सोपी गोष्ट नव्हती, मानाचे जावई, त्यामुळे मिळालेली संधी मी सोडत नव्हतो. कतारचे डबे कोकणातल्या डुकरांपेक्षा चपळ दिसतात, असं मी म्हणायचो. ते हसायचे. पण त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या, हे मला दिसायचं.

टेस्ट सोमवारी होती. त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी त्यांना म्हटलं, आज कॅम्पवर आराम करा. ते म्हणाले, पिस्तुलाने हात बसतो, चार बार काढले की सोमवारी हात दगडासारखा राहील. अल खोरच्या फाट्यावर ते अंघोळ करून, भांग पाडून उभे होते. साहेबाच्या जीपमध्ये मागे बसले. सदऱ्याचा खिसा फुगलेला होता. मला वाटलं विड्या.

सकाळ छान होती. वारा अजिबात नव्हता, धूर जिथल्या तिथे लोंबत राहायचा. साहेबाने सहा बार काढले, मी चार. मी त्या दिवशी फार सुंदर मारत होतो, तेही सांगून टाकतो. भरलेल्या कुप्या संपत आल्या. शेवटच्या कुपीचा बार भावजींनी भरला. आमच्याकडे पाठ करून, मांडीवर पिस्तूल टेकवून, सावकाश. ठासताना गजाचा आवाज नेहमीपेक्षा घट्ट येत होता. मग वळले, हात लांब केला आणि चाप ओढला. धुराचा ढग झाला आणि पलीकडे डबा दगडावरून उडून मागे पडला.

“लागलो! दादानू, डबो लागलो!” ते ओरडले. मी त्यांना एवढं खूश कधी बघितलं नव्हतं, लग्नातही नाही. साहेबाने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, “यल्ला, वन मोअर!” आणि आणखी कुप्या भरण्यासाठी मापं आणायला म्हणून जीपकडे गेला. पितळी भांडं कापडावर तसंच होतं. मी खाली वाकून माझ्या पिस्तुलाची नळी पुसत होतो.

भावजींना दम निघाला नाही. साहेब परत यायच्या आत बार भरून तयार राहायचं होतं त्यांना. नळी पुसली नाही. पिस्तूल डाव्या हातात उभं धरलं, उजव्या हाताने भांडं उचललं, आणि शिंगातून ओततात तसं ओतलं.

मोठा आवाज झाला असं लोकांना वाटतं. तसा झाला नाही. आधी फुस्स झालं आणि मग कोणीतरी गोणी आपटावी तसा धप्प आवाज. पांढरा धूर. वारा नसल्यामुळे तो हलेचना. मला त्यात भावजींचे फक्त पाय दिसत होते, आणि ते उभे होते, याचाच मला आधी धीर वाटला.

“दादानू,” धुरातून आवाज आला, अगदी शांत. “माझो हात बघा. माका दिसणा नाय.”

मी बघितला. अंगठा होता, करंगळी होती. मधलं काही नव्हतं. तोंड काळं पडलं होतं, भुवया गेल्या होत्या, डोळे सुजून मिटले होते. मी त्यांना सांगितलं, आहे, हात आहे, थोडा भाजलाय. असं मी सांगितलं, आणि कोणीही तेच सांगितलं असतं.

गोळ्यांसाठी आणलेलं स्वच्छ कापड माझ्याकडे होतं, सगळं त्यांच्या हाताला गुंडाळलं. साहेब धावपळ करून पिस्तुलं ट्रंकेत टाकत होता. मध्येच तो पुढे गेला आणि वाळूतून काहीतरी उचलून माझ्यापुढे धरलं. तपकिरी केसांचा चोथा होता, कडेने लाल, आणि त्यातून धुराची बारीक रेघ निघत होती.

“हे काय आहे?” त्याने विचारलं.

“नारळ,” मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही. मला सगळं कळलं.

गावाकडे ठासणीच्या बंदुकीत कापड नाही घालत. सुंभाचा बोळा घालतात, म्हणजे नारळाच्या काथ्याचा. भावजींनी गावाहून स्वतःची ट्रंक बांधून आणलेल्या दोरीतून तो ओढून काढला होता आणि खिशात भरून आणला होता, साहेबाच्या कापडाने लाज जात होती म्हणून. पहिल्या बाराला गोळी सरळ गेली ती त्यामुळेच. पण काथ्या विझत नाही. त्यातला काही नळीत निखारा होऊन बसला आणि त्यावर भांड्याची दारू सरळ पडली, पेटली आणि आग उलटी उजव्या हातातल्या भांड्यात शिरली. आमच्या गावच्या पानपट्टीवर विड्या पेटवायला सुंभाचीच दोरी टांगलेली असायची. सकाळी पेटवली की संध्याकाळपर्यंत धुमसत राहायची. भावजींना हे ठाऊक नव्हतं का? जन्मापासून ठाऊक होतं. त्याच दोरीवर त्यांनी हजार विड्या पेटवल्या असतील. पण ती विडीची दोरी आणि हा बंदुकीचा बोळा, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी शेजारी बसल्या नाहीत. मला आजही या गोष्टीचा संताप येतो, आणि तो कोणावर काढायचा ते समजत नाही.

साहेबावर काढायला मात्र जागा होती. अल खोरचा फाटा यायच्या आत त्याची गोष्ट तयार होती. आपण सहलीला गेलो होतो, चहाच्या स्टोव्हचा भडका उडाला. परवानगी एकट्या त्याच्या नावावर होती, आमच्या हातात पिस्तूल असणंच गुन्हा. खरं सांगितलं तर तुरुंग, मग सगळे मायदेशी, तुझ्यासकट, असं तो मला म्हणाला. मी ते मागे वळून भावजींना सांगितलं.

“स्टो तर स्टो,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “नोकरी रवात मां?”

दोहातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने भाजलेली कातडी बघितली, त्यात घुसलेले काळे कण बघितले, माझ्याकडे बघितलं आणि स्टोव्ह लिहिलं. डोळे वाचले. हाताचं जेवढं राहिलं होतं तेवढं शिवलं. दुसऱ्या दिवशी भावजी शुद्धीवर होते तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळतं. तरी ओरडलो, शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला इतका.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “कापड ढिला पडी होता त्या नळयेक. सुंबाचो बोळो घातलंय तेवा बघल्यात मां, कशी सरळ गेली?”

मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

सोमवारी टेस्ट झाली. साहेबाने इतरांची घेतली. मी त्याला म्हटलं, भावजींना स्टोअरला घे, टूलरूमला बसव, एका हाताने मालाच्या पावत्या फाडता येतात. त्याने बघतो म्हटलं. बघितलं असेलही. पण फार जोर लावला असता तर स्टोव्हची गोष्ट कोणीतरी नीट तपासली असती, आणि त्याला ते नको होतं. सुट्टीच्या दिवशीचा अपघात, कामावरचा नाही, म्हणून कंपनीची काही जबाबदारी नव्हती. अरबाबने एक हात दुसऱ्या हातावर झटकला आणि म्हणाला, खलास. हाताची जखम पुरती सुकायच्या आत भावजींचं तिकीट निघालं. विमानतळावर साहेब आला होता. त्याने भावजींचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि रडला. भावजी अवघडून त्यालाच धीर देत होते. ती खोली दुसऱ्या कोणीतरी घेतली, टेस्ट पास झालेल्यानेच.

लोक मला विचारतात, म्हणजे तोंडावर नाही, पण विचारतात, की तू त्यांना तिथे नेलंस कशाला. मी नेलं, कारण ते यायला तयार होते आणि साहेबाच्या डोळ्यांपुढे राहणं गरजेचं होतं. नियम मी त्यांना त्यांच्याच बोलीत सांगितला होता. मी हे माझ्या डोक्यावर घेत नाही. आणि मी पिस्तूल सोडलं असंही नाही. सोडलं म्हणावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पुढच्या हिवाळ्यात साहेबाने ट्रंक पुन्हा उघडली तेव्हा मी गेलो, आणि तो देश सोडून जाईपर्यंत जात राहिलो. आमच्यात बोलणं फारसं होत नसे. तो कुप्या भरायचा, मी डबे मांडायचो, आणि नेम लागला तर लागला. त्यात आनंद नव्हता असं म्हणेन तर ते खोटं होईल. आनंद होता, फक्त पूर्वीचा नव्हता.

मध्ये मी सुट्टीवर आलो आणि बहिणीच्या सासरी गेलो. खरं सांगतो, जाताना मनात एक समजूत होती आणि तिने मला बराच आधार दिला होता. निदान नवरा घरी आला. एवढी वर्षं पोस्टाच्या पेटीकडे बघत काढली, आता माणूस डोळ्यांसमोर आहे. हाताचं दुःख आहेच, पण संसार तर एका जागी आला.

भावजी ओटीवर झोपले होते. मी आलो म्हणून उठले, डाव्या हाताने पाण्याचा तांब्या दिला, दोहाची चौकशी केली, साहेब कसा आहे विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा आडवे झाले. त्यांना झोप फार यायची म्हणे, दिवसासुद्धा. बहीण खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, काजू फोडत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती वाळली होती. काजूच्या तेलाने बोटांची सालं निघाली होती.

मी तिला तेच म्हटलं जे मनात घेऊन आलो होतो. म्हटलं, निदान माणूस घरी आला बाय.

ती काजू फोडत राहिली. मग म्हणाली, “तुजा पत्र इला तेवा माका वाटला, झाला. सोमवारी टेस्ट, खोली बघलली, येगळा दार. त्याच दिवशी सासूवांगडा भांडाण झाला. भांडाण रोजचाच रे. पण त्या दिवशी मी उलटून बोललंय.”

“काय बोललंस?”

तिने एकदा घराकडे बघितलं. आवाज खाली आणला. “म्हटलंय, आता तुमी मेल्यात तरी मी ह्या घरात परत येवचंय नाय.”

सासू कुठे दिसते का म्हणून मीही घराकडे बघितलं.

“ती कायच बोलूक नाय,” बहीण म्हणाली. “तेवापासून आजपावेतो एक शबूद बोलूक नाय माझ्यावांगडा. मी जातंय म्हणान बोललंय रे दादा. जल्मभर हयच रवाचा आसा ह्या म्हायत आसता, तर बोललंय आसतंय काय?”

तिचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते. चार वर्षं तोंड शिवून ठेवलेल्या बाईने एकदाच तोंड उघडलं होतं, ते दार उघडलं असं समजून. आणि मी इतके दिवस ज्या गोष्टीने स्वतःची समजूत घालत होतो, नवरा घरी आला, तीच तर तिला नको होती. तिला इथून बाहेर पडायचं होतं. नवरा तिथे राहिला असता तर तिची आशा तरी राहिली असती.

तेवढ्यात तिची सासू दारात आली. म्हातारी ताठ होती, पदर नीट डोक्यावर. बहीण तिच्यापासून चार हातांवर बसली होती, पण म्हातारीने बघितलं ते माझ्याकडे.

“पावण्यानू,” ती म्हणाली, “तिका सांगा, पानां वाढलेली आसत.”

बहिणीने फोडलेले काजू सुपात गोळा केले, हाताला राख चोळली आणि उठली. तिच्या मागोमाग मीही जेवायला आत गेलो.